कोळसुंदा टिकवायचा तर आधी गुरांचा राखणो परत आणा

गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या सर्व पंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

सभासद बंधू-भगिनींनो,
स. न. वि. वि.

गेल्या मार्चमध्ये एका पहाटे शेजारच्या वाड्यावरून फोन आला. काजूच्या बागेत कालवड मारून टाकली आहे, जरा येऊन बघा. पशुवैद्यकीय सहायक म्हणून मी याच तालुक्यात आयुष्य काढले. निवृत्त झालो तरी अशा वेळी लोकांना माझी आठवण होते आणि मलाही गेल्याशिवाय राहवत नाही.

श्वेत कपिला या गोव्यातल्या पांढऱ्या गाईच्या जातीची सहा-सात महिन्यांची कालवड होती. पांढऱ्या कातडीवरचे रक्त लांबूनच दिसत होते. गळ्यावर दातांची एकही खूण नव्हती. मागच्या मांड्या फाडलेल्या, पोटाची कड उघडलेली, पोटातला अर्धवट रवंथ केलेला चारा बाजूला पडलेला. बिबट्या असता तर गळ्याला सुळ्यांची खोल भोके दिसली असती आणि धूड ओढून करवंदीच्या जाळीत नेलेले असते. इथे सगळे उघड्यावर होते. जमलेल्या माणसांचे मी पोचण्याआधीच ठरले होते की हे काम कोळसुण्यांचे, म्हणजे कोळसुंद्यांचे, आपल्या रानातल्या जंगली कुत्र्यांचे.

काजूचा हंगाम असल्याने झाडांखालचा पाचोळा झाडून काढलेला होता, त्यामुळे धुळीत पावले स्वच्छ उमटली होती. मी उकिडवा बसून ती बोटांनी मोजली. एक पाऊल मोठे, दोन मधली, एक अगदी लहान. मोठ्या पावलांपैकी एक पाय घासत गेलेला. कोळसुंद्यांच्या कळपातली वाढलेली जनावरे साधारण एकाच चणीची असतात, त्यांची पावले एकाच साच्यातली वाटतात. ही तशी नव्हती. माग काढत गेलो तर तो घाटरस्त्याच्या वळणावर, लोक गाड्या थांबवून उरलेसुरले जेवण फेकतात त्या ढिगापाशी जाऊन पोचला. तिथे पडलेल्या विष्ठेत प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे होते.

मी परत येऊन सांगितले की ही भटकी कुत्री आहेत. कालवडीची मालकीण, साठीची बाई, माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘भाऊ, कुत्र्यांनी मारली असं लिहिलंत तर मला काय मिळणार? कोळसुण्यांचं नाव लिहिलं तर निदान अर्ज तरी करता येईल.’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. हे पत्र मी त्या बाईसाठी लिहितो आहे, आणि त्या सकाळी ज्यांच्यावर नाहक आळ आला त्या जनावरांसाठीही.

कोळसुंदा आपल्याला ऐकून माहीत असतो, पाहिलेला फार थोड्यांनी असतो. तांबूस अंग, झुपकेदार शेपटीचे टोक काळे, कान गोलसर. तो भुंकत नाही, शीळ घालतो. लहानपणी आजी सांगायची की कोळसुणे शेपटीने मूत उडवून वाघाला आंधळे करतात आणि मग त्याला फाडतात. गोष्ट खरी नसली तरी त्यातला धाक खरा होता. इंग्रजांच्या राज्यात त्यांना उपद्रवी ठरवून मारणाऱ्याला बक्षीस मिळे, आणि ही दृष्टी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत टिकली. आज परिस्थिती अशी आहे की कोळसुंदा आपल्या मूळ मुलखाच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भागातून नाहीसा झाला आहे. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या २०१५ च्या अंदाजाप्रमाणे सगळ्या जगात पिल्ले देण्याजोगी जनावरे ९४९ ते २,२१५ च्या दरम्यान. आपल्या एखाद्या जत्रेला याहून जास्त माणसे जमतात. माणसावर तो चालून आल्याची एकही घटना माझ्या सगळ्या नोकरीत कानावर आली नाही.

मी त्यांना नीट पाहिले ते एकदाच. एप्रिलचा शेवट होता. आपल्याकडे वाळपईच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो हे खरे, पण त्याच सत्तरीतला सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा माळ, एप्रिल-मेमध्ये कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. जांभा तापून चटके बसतात, गवताची काडी उरत नाही, ओहोळाच्या कोंडीत पाण्याचे डबके राहते तेवढेच. अशाच एका कोंडीवर उजाडताना पाच मोठी आणि तीन वाढती पिल्ले आली होती. भेकर मारले होते. पिल्ले पोट भरून खात होती आणि मोठी जनावरे बाजूला उभी राहून चहूकडे नजर ठेवत होती. पिल्लांचे झाल्यावर ती पुढे झाली. कळपाने जगणाऱ्या दुसऱ्या कितीतरी शिकारी जनावरांत आधी बलवान खातो आणि उरले तर पिल्लांना. मी तिथे श्वास रोखून बसलो होतो. मध्येच एकाने शीळ घातली, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येते तशी, आणि क्षणात सगळी गडप झाली.

तेव्हापासून या जनावराबद्दल जे मिळेल ते वाचतो. वाचता वाचता आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांपर्यंत पोचलो. तो आपल्या कोळसुंद्याहून वेगळा प्राणी. अंगावर काळे, पिवळे, पांढरे ठिपके, कान मोठे गोल. पण राहणी तशीच : कळप, वाटून खाणे, पिल्लांना सगळ्यांनी मिळून पोसणे. तोही धोक्यात आहे. २०१२ च्या अंदाजानुसार सगळ्या आफ्रिकेत साधारण ६,६०० मोठी जनावरे उरली होती. त्यातल्या एका कोरड्या मुलखाची हकीकत मला तुमच्यापुढे ठेवायची आहे, कारण तिथे हे काम गुरे राखणाऱ्या माणसांच्या हातून झाले.

उत्तर केनियात लायकिपिया नावाचे पठार आहे. पाऊस बेभरवशाचा, बाभळीसारखी काटेरी झुडपे, वारंवार पडणारा दुष्काळ. जमिनीचा बराच भाग खासगी कुरणांचा, बाकी मासाई आणि सांबुरू लोकांच्या सामूहिक कुरणांचा. हे लोक गुरे, मेंढ्या, शेळ्या यांच्यावरच जगतात. १९८० च्या दशकात तिथून रानकुत्रे नाहीसे झाले होते. २००० च्या सुमारास ते आपणहून परत आले. कोणी पिंजऱ्यात घालून आणून सोडले नाहीत. रोझी वुड्रोफ या संशोधक बाईंनी २००१ पासून त्या भागात सांबुरू-लायकिपिया प्रकल्प चालवून या जनावरांचा माग ठेवला. प्रश्न सरळ होता. चहूकडे शेळ्या-मेंढ्या असताना हे कुत्रे त्यांना किती मारतात?

उत्तर मी दोनदा वाचले तेव्हा पटले. जिथे रानातली हरणे थोडीबहुत का होईना शिल्लक होती तिथे हजार चौरस किलोमीटरमागे वर्षाला साधारण एक हल्ला. आपले म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचे आहे, त्यावरून अंदाज करा. एका रानकुत्र्यामुळे पशुपालकांना सोसावा लागणारा तोटा वर्षाला साडेतीन डॉलरच्या आत होता. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही आहे आणि ती विसरून चालणार नाही. लगतच्या एका भागात रानातले भक्ष्य जवळजवळ संपले होते. तिथले रानकुत्रे जवळपास पाळीव जनावरांवरच जगत होते.

एकच जनावर, एकाच मुलखात, दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वागले. फरक होता रानात हरण आहे की नाही एवढाच.

त्यांनी पुढे राखणीचाही अभ्यास केला आणि २००७ मध्ये तो छापून आला. दिवसा सर्वांत सुरक्षित कळप कोणता, तर लहान, मोकळ्या जागेत चरणारा, सोबत माणूसही आहे आणि राखणीचा कुत्राही आहे असा. रात्री सर्वांत सुरक्षित गोठा कोणता, तर दाट काटेरी कुंपणाचा, दारे कमी, आत माणसे आणि कुत्री झोपलेली असा. तिकडे त्याला बोमा म्हणतात. आणि बुजगावणी उभी केलेल्या बोम्यांवर हल्ल्याचा धोका उलट वाढलेला दिसला. जनावराला खरा माणूस आणि काठीला अडकवलेला सदरा यातला फरक कळतो.

यातले नवीन असे काहीच नाही. मासाई हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. आपणही करत होतो.

आठवून बघा. माझ्या लहानपणी गावाचा राखणो असायचा. सकाळी दावणीवरून गुरे सुटायची, वाड्यावाड्याची गुरे एका ठिकाणी जमायची, आणि एक-दोन माणसे काठी, कोयता आणि भाकरीचे फडके घेऊन त्यांच्यामागे रानात जायची. वर्षाअखेर घरटी पायलीने भात मोजून राखण्याला मिळायचे. दुपारी सगळी गुरे सावलीला बसली की तो झाडाला टेकायचा, पण त्याचे कान उघडे असायचे. गुरे घरी आली की तो एकेकीचे नाव घेऊन मोजायचा. एखादी कमी भरली तर अंधार पडायच्या आत शोधायला जायचा. त्या काळात आमच्या वाड्यावर कोळसुण्याने गुरे मारल्याचे मला दोनदाच आठवते, आणि रान तेव्हा आजच्यापेक्षा दाट होते.

राखणो गेला त्याला कोणाला दोष देता येणार नाही. त्याची मुले शाळेत गेली, शिकली, पिसुर्ले-होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागली. संकरित गाई आल्या, त्या गोठ्यातच बांधून घातल्या. उरली ती गावठी गुरे आणि श्वेत कपिला, त्यांना आता सकाळी रस्त्यावर सोडून देतात आणि संध्याकाळी आली तर आली. गाभण गाय रानातच विते आणि दोन दिवसांनी वासराला घेऊन येते, किंवा एकटीच येते. मागे कोणी नसलेले वासरू काजूच्या बागेत फिरत असेल तर त्याला कोळसुंदा मारील, बिबट्या मारील, भटके कुत्रे मारतील. आपण दोष मात्र त्यातल्या ज्याचे नाव अर्जावर चालते त्याला देतो.

म्हणून माझी पहिली विनंती राखण्याविषयी. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ४१ खाली तुमच्या समित्या झाल्या आहेत. संवर्धन हे तुमचे कायद्याने ठरलेले काम आहे. बहुतेक ठिकाणी लोक जैवविविधता नोंदवही लिहून झाली आणि समिती थंडावली, हे तुम्हीही मान्य कराल. चार वाड्यांची गुरे एकत्र करून दोन राखण्यांना नेमण्याइतका पैसा समितीचा निधी, पंचायत आणि गुरांचे मालक मिळून उभा करता येतो. घरटी भात मोजणे आता जमणार नाही, पण घरटी महिन्याची वर्गणी जमेल. आणि हे काम ज्यांना येते ती माणसे अजून आपल्यात आहेत. धनगर-गवळी समाजातल्या वडीलधाऱ्यांना गुरांच्या चालीवरून रानात काय लपले आहे ते कळते. त्यांच्याकडून वाड्यातल्या दोन तरुणांना ही विद्या मिळाली तर तिला मजुरी द्या, मान द्या. पुढे याच तरुणांना कोळसुंद्यांच्या नोंदी ठेवायला शिकवता येईल.

मी हे लिहितो तेव्हा २०२० चा जानेवारी माझ्या डोळ्यांसमोर येतो. गोळावलीच्या रानात चार वाघ विष घालून मारले गेले. गुरे मारली गेली होती म्हणून मढ्यात विष कालवले. त्या बातमीने सगळा गोवा हळहळला आणि मग काही महिन्यांत विसरला. वाघ मेले ती वाईट गोष्टच, पण ज्याच्या दूधदुभत्यावर घर चालते त्याचे जनावर मेल्यावर तो कोणाकडे जातो, हा प्रश्न त्या गर्दीत कोणी पुरेसा विचारला नाही. विष घातलेल्या मढ्याला वाघ, बिबटा, कोळसुंदा, कोल्हा, गिधाड असा भेद कळत नाही. एका मढ्याने एक अख्खा कळप जाऊ शकतो, पिल्लांसकट.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हापासून आपल्या तालुक्यात वन्यप्राण्यांविषयी कोणीही काही बोलले की लोकांना घरादारावरून उठवण्याची भीती वाटते. मला ती भीती समजते. वन हक्क कायदा २००६ सालचा, आणि अजून किती दावे पडून आहेत ते तुम्ही जाणता. सीमेचा निकाल व्हायचा तेव्हा होईल, त्यावर माझे मत वेगळे आणि शेजाऱ्याचे वेगळे असू शकते. पण कोळसुंद्यासाठी मी जे मागतो आहे त्याला सीमेची गरज नाही. राखणो ठेवायला अधिसूचना लागत नाही. तिळारीपासून म्हादईमार्गे भीमगडापर्यंत आणि पुढे काळीच्या रानापर्यंत हा प्राणी ये-जा करतो, त्याला तिन्ही राज्यांच्या हद्दी ठाऊक नाहीत. तो ज्या वाटेने जातो तिच्यावर तुमची गावे आहेत. लायकिपियातही रानकुत्रा गावांच्या कुरणांमधूनच परत आला.

आता लसीविषयी, कारण या विषयात मला थोडे अधिकाराने बोलता येते.

लायकिपियात सगळे चांगले चालले असताना २०१७ मध्ये डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाची साथ आली आणि तिथले जवळजवळ सगळे रानकुत्रे गेले. इतक्या वर्षांचे काम काही महिन्यांत. सेरेंगेटीत १९९१ मध्ये रानकुत्रे नाहीसे झाले, त्यातही रेबीजचा हात असल्याचे मानले जाते. आपल्या देशात २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत डिस्टेंपर पसरला आणि काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह गेले. हा विषाणू कुत्र्याच्या शिंकेतून, लाळेतून, एकाच डबक्यावर पाणी पिण्यातून पसरतो. माझ्या अनुभवात गावातल्या पिल्लांना नाकातून घट्ट स्राव, डोळ्यांना चिपाड, ताप, मग झटके आणि शेवटी मागचे पाय लुळे, असा तो मी अनेकदा पाहिला आहे. लोक म्हणतात, पिल्लाला वारे लागले. तेच पिल्लू सड्यावरच्या कोंडीवर पाणी प्यायला जाते, आणि एप्रिलमध्ये त्या एकाच कोंडीवर कोळसुंदेही येतात. पाणी जितके कमी तितकी ही गाठभेट जास्त. कोरड्या मुलखातला धोका आपल्या सड्यावर वर्षातले चार महिने असतो, तो असा.

आणि इथे आपल्याकडे एक गोष्ट आहे जी केनियातल्या लोकांना हेवा वाटावा अशी. २०१३ नंतरच्या काही वर्षांत गोव्यात रेबीजविरुद्ध जी मोहीम झाली तिच्यासारखी देशात दुसरीकडे क्वचितच झाली असेल. जाळी घेऊन, घरोघर, वाड्यावाड्यांवर फिरून ७० टक्के कुत्र्यांपर्यंत लस पोचवली. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी उतरला, २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. मी त्या फिरतीतली कामे जवळून पाहिली आहेत. भर उन्हात जाळे टाकून कुत्रा धरणारी ती पोरे, मानेवर रंगाची खूण करून पुढच्या कुत्र्यामागे धावणारी, आठवली की अजून ऊर भरून येतो.

ती यंत्रणा, त्या याद्या, ती माणसे आहेत. अभयारण्याला लागून असलेल्या वाड्यांमध्ये त्याच फेरीत डिस्टेंपरचीही लस द्यावी, ही माझी दुसरी विनंती. राज्यभर नको, रानाच्या कडेच्या गावांपासून सुरुवात करा. गावकुत्र्यांची लस म्हणजे सगळे काम झाले असे मी म्हणणार नाही, हा रोग इतर रानटी जनावरांतही फिरतो. पण आपल्या अंगणातून तो रानात जाऊ नये एवढे तर आपल्या हाती आहे. आणि घाटरस्त्यावर जेवण फेकण्याचे ढीग बंद झाले तर भटक्या कुत्र्यांची संख्या आपोआप खाली येईल. त्या वळणावर एक मोठा फलक लावा, गुरुवार-रविवार माणूस उभा करा. त्या कालवडीचा खुनी तिथेच पोसला गेला होता.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, कारण ती आपल्या घराघरांत आहे. फासे. काजूच्या आणि कुळागराच्या कडेला डुकरासाठी दुचाकीच्या ब्रेकची तार लावणे आपण गुन्हा मानत नाही. डुक्कर नासधूस करते, माणूस वैतागतो, हे खरे आहे. पण त्या तारेत मेरू म्हणजे सांबर अडकते, भेकर अडकते, पिसोरी अडकते, आणि कोळसुंदाही. मी स्वतः एक मादी पाहिली आहे. कमरेला तार रुतलेली, जखमेत किडे पडलेले, तरीही कळपाच्या मागे मागे चाललेली. आमच्यापैकी कोणालाही तिच्याजवळ जाता आले नाही. ती पुढे दिसली नाही.

लायकिपियातला तो दुसरा भाग आठवा, भक्ष्य संपलेला. फाशांनी मेरू आणि भेकर संपवले की कोळसुंदा वासरावर येतो. डुकराचा बंदोबस्त करायला म्हणून लावलेली तार शेवटी आपल्याच गोठ्यात नुकसान आणते. झिंबाब्वेत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात गावातली माणसे रानातून हे फासे वेचून आणतात आणि त्याच तारांतून जनावरांच्या मूर्ती घडवून विकतात. आपल्याकडे मूर्ती घडवणाऱ्या हातांना काय कमी आहे? पण विक्री नंतरची. पहिल्यांदा वर्षातून दोन वेळा, पावसाच्या आधी आणि काजूच्या आधी, समितीने गावकऱ्यांना सोबत घेऊन रान चाळावे. कोणाचा फासा म्हणून विचारू नये, नाव लिहू नये, तार गोळा करावी एवढेच. विचारपूस सुरू झाली तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही.

त्याच वेळी डुकरांपासून झालेल्या नुकसानीची भरपाई लवकर मिळावी म्हणून तुमची समिती लोकांच्या बाजूने उभी राहिली पाहिजे. मी एका मालकासोबत तीन वेळा खेपा घातल्या आहेत. पहिल्यांदा पंचनामा उशिरा झाला म्हणून, दुसऱ्यांदा फोटो अंधुक म्हणून, तिसऱ्यांदा साहेब नाहीत म्हणून. बिचाऱ्याने अखेर अर्ज मागे घेतला. अशा माणसाला रान राखायला सांगायचे तोंड कोणाला आहे? प्रत्येक वाड्यातल्या दोन माणसांना मढ्याचा फोटो कसा घ्यावा, गळा, मांड्या, पावले, विष्ठा काय बघावे, हे मी फुकट शिकवीन. अर्धा दिवस पुरतो. आणि ती बाई जे म्हणाली त्याचाही विचार करा. भटक्या कुत्र्यांनी मारलेल्या वासरासाठी पंचायतीच्या पातळीवर छोटासा निधी ठेवला तर कोणाला खोटे नाव लिहावे लागणार नाही, आणि कोळसुंद्याच्या खात्यावर न केलेली पापे जमा होणार नाहीत.

एक गोष्ट करू नका अशी विनंती आहे. नोंदवहीत कोळसुंद्याची नोंद जरूर करा : कुठल्या वाटेच्या तिठ्यावर त्यांची विष्ठा एकाच जागी साचलेली दिसली, त्यात केस कोणाचे होते, किती जणांनी शीळ ऐकली. कळपातली जनावरे ठराविक ठिकाणी, बहुधा वाटांच्या संगमावर विष्ठा टाकतात, त्यामुळे हे काम राखण्यालाही सहज जमते. पण पिल्लांच्या गुहेची जागा कुठेही लिहू नका, मोबाइलवर फोटो पाठवू नका. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पिल्लांचा काळ. तेव्हाच आपण काजूच्या बागा साफ करतो, पाचोळा पेटवतो. सफाई करताना दगडांच्या कपारीपाशी नव्या हाडांचा ढीग आणि बारीक पावले दिसली तर तेवढी कपार सोडून पुढे जा, त्या बाजूला आग नेऊ नका. दोन-अडीच महिन्यांत पिल्ले चालती होतात आणि कळप आपणच जागा बदलतो. गुहेवर माणसांची ये-जा वाढली की आई पिल्लांना उचलून दुसरीकडे हलवते, आणि त्या हलवाहलवीत पिल्ले दगावतात.

सत्तरीत वाघ्रो या वाघदेवाला नारळ फोडणारी माणसे अजून आहेत. आपल्या देवराईतली वाळकी फांदीसुद्धा कोणी घरी नेत नाही. कोळसुंद्याचे देऊळ मी कुठे पाहिले नाही. त्याला देवपण कोणी दिले नाही, म्हणून तो आपल्या कामाच्या यादीत यावा असे मला वाटते.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एवढेच तीन विषय घाला : राखणो, रानाच्या कडेच्या कुत्र्यांना डिस्टेंपरची लस, फासे वेचण्याचे दोन दिवस. सभेची तारीख कळवली तर मी कुठल्याही गावी येईन. माझ्या जुन्या पिशवीत सुया, पट्ट्या, नोंदीचे कागद अजून आहेत. नोव्हेंबर लागायच्या आत, पिल्लांचा काळ सुरू होण्याआधी एका तरी गावात सुरुवात व्हावी, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
सत्तरीतला एक निवृत्त पशुवैद्यकीय सहायक